उपास सोडताना सूप : काय, किती आणि कोणत्या क्रमाने

नवरात्र संपलं की दसऱ्याच्या दुपारी पुण्यातल्या कितीतरी घरांत एकच प्रकार घडतो. नऊ दिवस दूध, फळं आणि एखादं उकडलेलं रताळं यांवर काढलेला माणूस श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी आणि मसालेभात असं भरलं पान पुढ्यात घेतो आणि दिवेलागणीला ओव्याची बाटली शोधत फिरतो. श्रीखंडाला बोल लावण्यात अर्थ नाही. नऊ दिवसांनी पहिला मान त्याला मिळाला, गडबड तिथे झाली.

हल्ली यावर उपाय म्हणून भाज्यांचं सूप सांगतात. सल्ला चांगलाच आहे, पण सूपच का, हे सांगायच्या भानगडीत फारसं कोणी पडत नाही. मग कोणी नुसतं हिरवट गरम पाणी पिऊन दिवसभर भोवळ येत बसतं, तर कोणी हॉटेलातलं कॉर्नफ्लॉवर घातलेलं घट्ट स्वीट कॉर्न सूप मागवून 'हलकं खाल्लं' असं समाधान करून घेतं.

आधी उपास कोणता, ते बघू

पुण्यात उपास म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर साबुदाण्याची खिचडी येते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात दाण्याचं कूट, तूप, बटाटा आणि सोबतीला वरीचे तांदूळ नि दाण्याची आमटी. एकादशी दुप्पट खाशी, हे उगाच म्हणत नाहीत. अशा उपासानंतर पोट रिकामं झालेलंच नसतं. द्वादशीला साधा वरण-भात, पालेभाजी आणि भाकरी पुरे. आदल्या दिवशी पानात भाजी नव्हती म्हणून सूप घेतलं तर उत्तमच, पण ते गाळत बसायची गरज नाही. या लेखातली बाकीची पथ्यं तुमच्यासाठी नाहीत.

ती आहेत ज्यांचं अन्न खरोखर थांबलं होतं त्यांच्यासाठी : निर्जळी उपास, दोनतीन दिवस नुसतं पाणी किंवा ताक, पंचकर्मातलं विरेचन (औषधाने करवलेले जुलाब), कोलोनोस्कोपीसाठी, म्हणजे आतड्याच्या दुर्बीण-तपासणीसाठी, औषध पिऊन रिकामं केलेलं आतडं. आणि जैनांच्या पर्युषणातली अठाई, म्हणजे आठ दिवसांचा उपास, किंवा त्याहून मोठी तपश्चर्या करणाऱ्यांचा प्रकार आणखी वेगळा. त्याकडे नंतर येतो.

आत काय चाललेलं असतं

जेवण थांबलं की शरीर आधी यकृतातली साखरेची साठवण वापरतं. ती साधारण एका दिवसात संपत येते. मग चरबी जाळायला सुरुवात होते आणि तिच्यापासून कीटोन तयार होतात. उपासाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोंडाला जो चमत्कारिक वास येतो तो त्यांचाच.

याच वेळी रक्तातलं इन्सुलिन कमी होतं. इन्सुलिन एरवी मूत्रपिंडांना मीठ धरून ठेवायला सांगत असतं. ते कमी झालं की लघवीवाटे मीठ जातं आणि मिठाबरोबर पाणीही. पहिल्या दोन-तीन दिवसांत वजनकाट्यावर जी खुशखबर दिसते तिच्यातला मोठा भाग हाच, पाण्याचा. अंथरुणातून एकदम उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते तीही बऱ्याचदा यामुळेच. म्हणजे उपास सोडताना पहिली गरज पाणी आणि मीठ यांची असते, आणि कोमट, मीठ घातलेलं पातळ सूप नेमकं तेच देतं. सूपाचं अर्धं श्रेय इथेच संपतं. उरलेलं अर्धं पचनाचं.

अन्न येत नाही म्हटल्यावर पाचक रस कमी सुटतात आणि आतड्यांची हालचाल मंदावते. पित्ताशयात पित्त साठून राहतं, कारण ते बाहेर पडायला पोटात स्निग्ध पदार्थ यावा लागतो. अशात पहिल्याच घासाला तळलेलं किंवा तुपात न्हालेलं काही गेलं की पित्ताशय जोरात आकुंचन पावतं. पित्ताशयात खडे असतील, आणि ते असल्याचं पुष्कळांना माहीतही नसतं, तर उजव्या बरगडीखाली कळ येऊ शकते. म्हणून पहिल्या सूपात तूप असलंच तर अर्धा चमचा. चरचरीत फोडणी नंतर आहेच.

आता एक अप्रिय गोष्ट. सूप शरीरातली 'विषद्रव्यं' बाहेर काढत नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, आपण जेवलो तरी आणि नाही जेवलो तरी. सकाळी बागांच्या बाहेर हिरव्या रसांचे पेले विकणाऱ्यांना कधी विचारून बघा, कोणतं विषद्रव्य ते. नाव कोणी सांगत नाही.

वैद्यांची शिडी

शोधनानंतर, म्हणजे विरेचनासारख्या पोट साफ करणाऱ्या उपचारानंतर, एकदम जेवू नये हे आयुर्वेदात फार जुनं आहे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात त्याचा सबंध क्रम दिला आहे; वैद्य त्याला संसर्जन क्रम म्हणतात. आधी पेया, म्हणजे पातळ पेज. मग विलेपी, म्हणजे दाट, आसट भात. मग अकृत यूष : मीठ-मसाला आणि स्नेह, म्हणजे तूप-तेल, न घातलेलं मुगाचं कढण. मग कृत यूष, तेच कढण संस्कार करून. त्यानंतर मांसरस, तोही याच पद्धतीने आधी साधा आणि मग संस्कारित. शोधन चांगलं जोरात झालं असेल तर प्रत्येक पायरीवर तीन जेवणं, मध्यम असेल तर दोन, हलकं असेल तर एक. सगळं मिळून साधारण सात, पाच किंवा तीन दिवस. रास्ता पेठेत किंवा आणखी कुठे पंचकर्म करून घरी आलेल्या माणसाच्या हातात जो कागद असतो, त्याचं मूळ हे.

चरक यासाठी दाखला देतात तो चुलीचा : विस्तवाची बारीकशी ठिणगी आधी गवतावर धरायची, मग गोवरीवर, आणि असं हळूहळू वाढवत नेली की तीच आग पुढे काहीही जाळू शकते. ठिणगीवर थेट ओंडका टाकला तर काय होतं ते चुलीपाशी बसलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

या यादीत माझ्या मते सगळ्यात लक्ष देण्यासारखी गोष्ट कोणती, तर पहिल्या दोन पायऱ्या भाताच्या आहेत. भाजीच्या नाहीत. आज उपास सोडणारा माणूस भाताला घाबरतो आणि दिवसभर नुसत्या दुधीच्या सूपावर राहतो. दुधीत शेकडा ९५ च्या वर पाणी असतं. १०० ग्रॅम दुधीतून जेमतेम १५ कॅलरी मिळतात. असल्या सूपाच्या चार वाट्या प्यायल्या तरी एका पोळीएवढी ताकद येत नाही. प्रथिनं तर नाहीतच. मग संध्याकाळी हात थरथरतात आणि माणूस फरसाणाच्या डब्यावर तुटून पडतो.

शेजारच्या काकूंना त्यांच्या सुनेने विरेचनानंतर पहिल्या दिवशी असंच गाळीव सूप आणून दिलं. काकूंनी वाटीत एकदा पाहिलं. "हे भाजीचं धुवण आहे की काय गं? जरा मूठभर तांदूळ तरी टाकायचेस." काकूंनी चरक वाचलेला नाही, पण सूपात थोडे तांदूळ आणि थोडी मुगाची डाळ शिजवली की प्रश्न सुटतो, हे त्यांचं म्हणणं अगदी शास्त्राला धरून होतं.

पहिलं सूप

तीनचार वाट्यांचं माप देतो. पाव किलो कोवळा दुधी, एक लहान गाजर किंवा तेवढीच लाल भोपळ्याची फोड, एक मोठा चमचा तांदूळ, एक मोठा चमचा मुगाची डाळ, बोटाच्या पेराएवढं आलं, पाव चमचा जिरं, चार वाट्या पाणी. तांदूळ-डाळ धुऊन अर्धा तास भिजवा. सगळं एकत्र कुकरला लावून तीनचार शिट्ट्या. निवलं की आल्याचा तुकडा काढून घुसळा, पहिल्या वेळेपुरतं गाळणीतून काढा, गरज वाटली तर कढत पाणी घालून पातळ करा, अर्धा लहान चमचा मीठ घालून एक उकळी आणा. खाली उतरवल्यावर लिंबू पिळा. आचेवर पिळलं तर क जीवनसत्त्व कमी होतं आणि चवही कडसर होते. आदल्या दिवसांत पित्त झालं असेल तर लिंबू टाळा.

सैंधव वापरायचं तर वापरा, चव छान येते. मात्र तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच आहे. रक्तदाबवाल्यांनी सैंधव म्हणून हात सैल सोडू नये.

दुधीबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. मंडईत घेताना तो लांबीला फार मोठा नको, देठ हिरवं हवं, आणि नख टेकवलं की सालीत सहज रुतायला हवं. घरी आणल्यावर चिरायच्या आधी आतला छोटा तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर तो सबंध दुधी फेकून द्या. काकडी, दुधी, दोडका या कुळात क्युकरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. एरवी ती नगण्य असतात, पण एखाद्या फळात खूप वाढतात आणि मग उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, रक्तदाब एकदम खाली जाणं इथपर्यंत पाळी येते. कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात माणसं दगावली आहेत, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या समितीने कडू रस अजिबात पिऊ नये असं स्पष्ट सांगितलं आहे. शिजवल्याने हा कडूपणा जात नाही. साखर किंवा लिंबू घालून तो झाकणं तर फारच घातक. रिकाम्या पोटी हा धोका आणखी नको. कच्चा रस पिण्यापेक्षा सूप बरं, याचं एक कारण हेही की चिरताना चव बघायची सवय लागते.

दुधीऐवजी पडवळ, दोडका, कोहळा, लाल भोपळा यांतलं काहीही चालतं. या भाज्यांचे तंतू मऊ असतात आणि शिजल्यावर त्या पूर्ण विरघळल्यासारख्या होतात. शेवग्याच्या शेंगा उकडून नुसता गर काढून घातला तर सूपाला दाटपणा येतो, फक्त शिरा सगळ्या निघाल्या पाहिजेत.

कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, मटार, कांदा आणि लसूण पहिल्या दिवशी नकोत. या भाज्यांत अशा काही साखरा असतात की त्या तोडायला आपल्या लहान आतड्याकडे विकरच (एन्झाइम) नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, तिथल्या जिवाणूंची मेजवानी होते आणि वायू धरतो. निरोगी माणसाला एरवी हे चांगलंच, त्या जिवाणूंनाही खायला हवं. पण दोन दिवस रिकाम्या असलेल्या पोटात हा कार्यक्रम लावू नये. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांना हे पथ्य आपोआप साधतं. टोमॅटोचं सूप सगळ्यांना आवडतं, पण आंबटपणामुळे रिकाम्या पोटी जळजळ होते. ते दुसऱ्या दिवसावर ढकला. पालकात ऑक्झलेट भरपूर. मूतखड्याची तक्रार असलेल्यांनी पालकाचं सूप करायचंच तर पानं आधी उकळून ते पाणी ओतून द्यावं.

जैन घरांत जमिनीखालचं काही चालत नाही. तिथे गाजर आणि आलं वगळून दुधी, मूग आणि चिमूटभर सुंठ एवढ्यावर सुरेख सूप होतं. तसंही पारण्याला मुगाचं पाणी आणि राब (पिठाची पातळ पेज) द्यायची त्यांची रीत या सगळ्या विवेचनाच्या आधीपासून चालत आलेली आहे.

किती प्यायचं? अर्धी ते एक वाटी, कोमट, चमच्याने, दहा-पंधरा मिनिटं लावून. मग तास-दोन तास थांबायचं. पोट शांत असेल तर पुन्हा तेवढंच. मोठा मग तोंडाला लावून घटाघटा संपवला की पोट तट्ट फुगतं आणि मळमळतं, मग दोष सूपाला.

पाकिटातल्या सूपाविषयी एवढंच, की मागचं लेबल वाचा. कॉर्नफ्लॉवर किंवा मैदा, साखर आणि मीठ हे बहुधा वरच्या ओळींत सापडतील, भाजी खाली कुठेतरी.

लांबलेले उपास

पुण्याला मोठ्या उपासांचा इतिहास आहे. गांधीजींनी १९३२च्या सप्टेंबरात येरवड्याच्या तुरुंगात केलेला उपास २६ तारखेला संत्र्याच्या रसाने सुटला. १९३३च्या मे महिन्यात पर्णकुटी या बंगल्यात २१ दिवसांचा, आणि १९४३मध्ये आगाखान पॅलेसमध्ये पुन्हा २१ दिवसांचा. पुढे १९४६मध्ये उरुळी कांचनला त्यांनी निसर्गोपचाराचं काम सुरू केलं आणि तो आश्रम आजही चालू आहे. या उपासांच्या वेळी भोवती डॉक्टर होते, हे आपण सोयीस्कर विसरतो.

डॉक्टर कशासाठी लागतात? पाच दिवसांहून जास्त काळ पोटात जवळजवळ काहीच गेलं नसेल तर उपास सोडणं हाच धोक्याचा टप्पा होऊ शकतो. एकदम पिष्टमय किंवा गोड खाल्लं की इन्सुलिन उसळतं, आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं. शरीरातली त्यांची शिल्लक आधीच कमी असते. रक्तातली पातळी अचानक घसरते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ब-१ जीवनसत्त्वही अपुरं पडतं. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेले उपाशी कैदी पोटभर जेवण मिळाल्यावर दगावले, तेव्हा डॉक्टरांना हे नीट लक्षात आलं. आज याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. अशा उपासानंतर पहिले दोन दिवस गरजेच्या निम्म्याहून जास्त अन्न देऊ नये, असा वैद्यकीय नियम आहे. फार किडकिडीत असलेल्यांनी, मद्यपान करणाऱ्यांनी आणि लघवी होण्याच्या गोळ्या चालू असलेल्यांनी आणखी जपायला हवं. मोठा उपास सोडायच्या आधी डॉक्टरांना विचारा, रक्ततपासणी करायला सांगितली तर करा. आणि खायला लागल्यावर पायांवर सूज, धाप, छातीत धडधड किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर घरी सूप ढवळत न बसता दवाखाना गाठा.

सूप कोणाला सोसत नाही

मूत्रपिंडाच्या रुग्णांना. भाजी शिजताना तिच्यातलं पोटॅशियम पाण्यात उतरतं. म्हणूनच या रुग्णांना भाजी उकळून पाणी टाकून द्यायला सांगतात, आणि सूपात आपण नेमकं तेच पाणी पितो. शहाळ्याचंही तसंच. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर एकदम वाडगाभर पालेभाजीचं सूप सुरू करू नये, कारण तिच्यातल्या के जीवनसत्त्वाने औषधाचा परिणाम कमी होतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी मुळात उपासालाच डॉक्टरांची परवानगी घ्यावी. गाजर-बिटाला मात्र ते उगाच घाबरतात.

शंखप्रक्षालन केलेल्यांसाठीही सूप पहिलं नाही. कोमट मिठाचं पाणी पिऊन आतडं धुण्याची ही क्रिया जाणकाराच्या देखरेखीखालीच करायची असते. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी करूच नये. तिच्यानंतर परंपरेने मूग-तांदळाची मऊ खिचडी आणि तीवर सढळ हाताने तूप असतं, आणि दूध, मिरची, आंबट काही दिवस बंद. इथे एक दिवसाचं रिकामेपण आहे, उपासमार नाही, त्यामुळे तुपाचा हिशेब वेगळा पडतो. कोलोनोस्कोपीनंतर हलकं जेवण त्याच दिवशी चालतं, पण आतून काही गाठ काढली असेल तर तिथून मिळालेल्या सूचनाच खऱ्या.

दुसऱ्या दिवसापासून

दुसऱ्या दिवशी गाळणी बाजूला ठेवा. चोथा काढत राहिलात तर तिसऱ्या दिवशी बद्धकोष्ठ ठरलेलं. सूपात डाळीचं प्रमाण दुप्पट करा, तुपात जिऱ्याची फोडणी द्या, दुपारी आसट मूग-भात घ्या. ताक चालेल, दूध काहींना लगेच सोसत नाही. तिसऱ्या दिवशी फुलका, दोडक्याची किंवा दुधीची भाजी, पातळ वरण. सूप आता जेवणाआधी वाटीभर, हवं तर. एकदोन दिवसांच्याच उपासाला हे सगळं एका दिवसात उरकतं : सकाळी सूप, दुपारी मऊ भात, रात्री फुलका.

ऑक्टोबरच्या उन्हात डाळ-तांदूळ घातलेलं सूप ओट्यावर दुपारपर्यंतही टिकत नाही. उरलं तर लगेच फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण उकळी आणूनच.

कोबी, कांदा, लसूण चौथ्या दिवशी शिजवून आणा, थोडे थोडे. कच्ची कोशिंबीर आणि मोडाची कडधान्यं सगळ्यांत शेवटी. मटकीची उसळ मऊ शिजवलेली असेल तर पाचव्या दिवशी चालेल. मिसळ म्हणून खायची तर तर्री आणि फरसाण आणखी चार दिवस दुकानातच राहू दे.